मोबाईल अडॅप्टर लावून दुर्बिणीतून चंद्राचा फोटो: काळं वर्तुळ येतंय, चंद्र पांढराफटक येतोय, मदत हवी

कराडची_लेक:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथले धागे नुसते वाचतेय, लिहायची पहिलीच वेळ, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

घरी 70/700 ची दुर्बीण आहे (70 एमएमचं भिंग, 700 एमएम फोकल लेन्थ), भावानं दहावीनंतर हट्टानं घेतलेली, तो आता नोकरीला बाहेरगावी आणि ती चार वर्षं माळ्यावर पडून होती. दिवाळीच्या साफसफाईत खाली काढली, पुसली, चंद्र बघितला आणि मला वेडच लागलं म्हणा ना. सोबत 25 आणि 10 एमएमचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं) आहेत आणि बाबांचा जुना 10×50 चा (10 पट, 50 एमएमची भिंगं) बायनॉक्युलर पण आहे.

आता खरं कारण सांगते. माझी आजी 84 वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे दोन वर्षं झाली गच्चीचा जिना चढलेली नाही. संकष्टी मात्र सोडलेली नाही. आधी आमच्या अंगणातून चंद्र दिसायचा, समोर चार मजली बिल्डिंग झाली आणि तो गेला, आता आम्ही कोणीतरी गच्चीवर जाऊन "उगवला गं आजी" म्हणून ओरडतो मग ती नैवेद्य दाखवते आणि उपास सोडते. चांद्रयान उतरलं त्या संध्याकाळी ती टीव्हीपुढे हात जोडून बसली होती आणि आता मला रोज विचारते की तुझ्या नळीतून ती जागा दिसते का गं. तर मला तिला चंद्र दाखवायचाय, तिच्या खुर्चीत बसल्या बसल्या, नेटवरचा कोणाचा फोटो नको, आमच्या गच्चीवरून दिसणारा.

म्हणून मोबाईलचं अडॅप्टर मागवलं, ते आयपीसला चिमट्यासारखं बसतं आणि वर फोनची पकड असते ते. आणि आता हे प्रॉब्लेम:

स्क्रीनवर सगळीकडे काळं आणि मधे छोटं गोल दिसतं, जरा हललं की गोल पण अर्धवट होतं, एका बाजूनं कोरीसारखं काळं येतं. चंद्र सापडलाच तर तो ट्यूबलाईटसारखा पांढरा, डाग नाही खड्डे नाही काही नाही, डोळ्यानं बघताना सगळं दिसतं मग फोनमधे का नाही. फोटो काढायला बोट लावलं की सगळं थरथरतं. बायनॉक्युलरला तर अडॅप्टर बसतच नाही, दुसऱ्या डोळ्याच्या नळीला आपटतं. आणि परवा फोनच्या वजनानं पकड सरकली आणि फोन खाली, नशीब खाली सतरंजी होती.

अडॅप्टर बदलू का? की माझंच काही चुकतंय? पुढच्या संकष्टीपर्यंत जमवायचंय.

वांगणी_लोकल:
ताई, अडॅप्टर आत्ता बदलू नका. तुम्ही लिहिलेल्या पाचपैकी चार गोष्टी अडॅप्टरच्या नाहीतच, बसवण्याच्या आहेत. मी वांगणीला रात्रभरच्या आकाशदर्शनांना गेली बरीच वर्षं जातोय, तिथे दर वेळी कोणीतरी नवीन अडॅप्टर घेऊन येतं आणि पहिला तास हेच सगळं घडतं, त्यामुळे निराश होऊ नका.

काळं वर्तुळ का येतं ते आधी. आयपीसमधून जो प्रकाश बाहेर पडतो तो एका बारीक झोतात बाहेर पडतो, त्याची जाडी म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले किती पट मोठं दिसतं ते. तुमच्या दुर्बिणीला 25 चा आयपीस लावला तर 700 भागिले 25 म्हणजे 28 पट, आणि झोत 70 भागिले 28 म्हणजे अडीच एमएम. 10 चा लावला तर 70 पट आणि झोत फक्त 1 एमएम. हा झोत आयपीसच्या काचेपासून ठराविक अंतरावर सगळ्यात बारीक होतो आणि फोनचं भिंग नेमकं त्याच जागी यावं लागतं, आपला डोळा हे आपोआप करतो, मान जरा इकडे तिकडे करून जागा पकडतो, फोनला ते आपणच करून द्यायचं. भिंग बाजूला गेलं की एका बाजूनं कोरीसारखं काळं. मधोमध आहे पण फार जवळ किंवा फार लांब आहे तर सगळीकडून सारखं काळं आत येतं. म्हणजे काळं कुठून येतंय ते बघूनच कळतं की काय हलवायचं.

आता एक गोष्ट, थोडं काळं राहणारच. साध्या आयपीसमधून साधारण 50 अंशांचं दृश्य दिसतं आणि फोनचा मुख्य कॅमेरा त्यापेक्षा बराच रुंद बघतो, म्हणून कडेनं आयपीसची काळी भिंत दिसते. दीडपट दोनपट झूम करा, गेलं. त्यात काही चूक नाही.

बसवायची पद्धत सांगतो, अंधारात अजिबात करू नका. दिवसा खोलीत बसा, फोनचं कव्हर काढा (कव्हरमुळे दोन तीन एमएम अंतर वाढतं आणि पकड पण सरकते), 25 चा आयपीस दुर्बिणीतून काढून नुसता हातात घ्या, अडॅप्टरमधे घट्ट बसवा आणि आयपीसचं तोंड पांढऱ्या भिंतीकडे करा. कॅमेरा चालू. पांढरी गोल चकती दिसेल. आता अडॅप्टरचे स्क्रू ढिले करून फोन सरकवत ती चकती बरोबर मधोमध आणा, कडा सगळीकडून सारखी कडक दिसली पाहिजे. स्क्रू आवळा. आता हे सगळं प्रकरण फोनसकट तसंच दुर्बिणीत घालायचं. रात्री फक्त चंद्र शोधायचा, बाकी काही नाही.

शोधताना पण आधी फोन न लावता दुसऱ्या आयपीसनं चंद्र मधे आणा, मग आयपीस बदला.

आणि हो, दोन तीन कॅमेरे असलेला फोन असेल तर कुठला कॅमेरा चालू आहे हे आधी शोधा, एकेका भिंगावर बोट ठेवा, ज्यावर ठेवल्यावर स्क्रीन काळी होते तो. मुख्य कॅमेराच घ्या.

कराडची_लेक:
दादा किती नीट सांगितलंत, आत्ता दुपारीच ट्यूबलाईटसमोर बसून केलं, चकती मधे आली!! आणि तुमचं ते बोटाचं पण करून बघितलं, मी इतके दिवस वाइडच्या भिंगावर आयपीस बसवत होते.

पण झूम दोनपटच्या पुढे नेलं की अचानक सगळं काळं होतं, हे काय?

वांगणी_लोकल:
फोन स्वतःहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो, आणि तो कॅमेरा आयपीससमोर नाहीये, म्हणून काळं. काही फोन जवळची वस्तू समजून मॅक्रोवर पण जातात. प्रो मोडमधे (कॅमेऱ्याच्या सेटिंग हातानं करायच्या मोडमधे) जाऊन मुख्य कॅमेरा पक्का करा, तिथून तो हलत नाही.

प्रो मोड लागणारच आहे, कारण तुमचा पांढराफटक चंद्र. फोन काय करतो, स्क्रीनवर नव्वद टक्के काळं बघतो आणि म्हणतो रात्र आहे, उजेड वाढवा. पण चंद्र म्हणजे उन्हात पडलेला दगड आहे हो, तिथे भर दुपार असते. म्हणून उजेड हातानं कमी करायचा. आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) सगळ्यात खाली, 50 किंवा 100. शटर (किती सेकंद उजेड आत घ्यायचा ते) 25 च्या आयपीसला पौर्णिमेच्या आसपास 1/1000 पासून सुरू करा, 10 च्या आयपीसला 1/250 पासून, कारण तिथे तोच प्रकाश मोठ्या चित्रावर पसरतो. अष्टमीचा चंद्र असेल तर अजून सावकाश, 1/100 च्या आसपास. चंद्र खाली असेल तर हवेत प्रकाश जातो त्यामुळे अजून थोडं. हे आकडे सुरुवातीला, पुढे स्क्रीन बघून ठरवा, सगळ्यात पांढरा भाग राखाडीकडे झुकला की बरोबर आलं समजा. प्रो मोड नसेल तर चंद्रावर बोट दाबून धरा, कुलूप येतं, मग तिथेच बोट खाली ओढून उजेड कमी करा.

थरथर जाण्यासाठी 3 सेकंदांचा टायमर. किंवा वायरचे जुने इअरफोन लावा, त्याचं आवाज वाढवायचं बटण बऱ्याच फोनमधे शटरचं काम करतं, मी अजून तेच वापरतो.

फोकसचं राहिलं. आधी डोळ्यानं फोकस करा, मग फोनचा फोकस लांबवर, डोंगराचं चिन्ह असतं त्यावर ठेवा, आणि मग स्क्रीन बघत दुर्बिणीचाच फोकस अगदी केसभर फिरवा. फोनला फोकस करू दिलात तर तो रात्रभर शोधत बसेल.

एक विनंती: कॅमेऱ्यातली ती एआय सुधारणा, सीन ओळखणं वगैरे बंद करा. काही फोन चंद्र ओळखतात आणि स्वतःच्या पोतडीतून खड्डे डाग भरून देतात. आजींना तुमच्याच गच्चीवरचा चंद्र दाखवायचाय ना, मग तोच दिसू दे.

पाणथळ:
बायनॉक्युलरचं मी सांगतो, माझं सगळं आयुष्य त्यातच जातं, पक्षी बघणारा माणूस आहे, हिवाळ्यात दर रविवारी भिगवण, उजनी धरणाच्या पाण्याकाठी.

अडॅप्टर दुसऱ्या नळीला आपटतं कारण तुम्ही बायनॉक्युलर तुमच्या डोळ्यांच्या अंतराइतका मिटलेला ठेवलाय. पूर्ण उघडा, दोन्ही नळ्या जितक्या लांब जातील तितक्या. आता एकच नळी वापरायची आहे त्यामुळे काही बिघडत नाही. डोळ्याजवळची रबरी वाटी खाली दुमडा, आणि अडॅप्टर रबरावर नाही, त्याच्या खालच्या कडक भागावर आवळा, रबरावर आवळलेलं सरकतंच, तुमचा फोन पडला तो बहुतेक असाच काहीतरी. फोनला दोरी लावा, हाताच्या पट्ट्याची असते तशी, आणि ती ट्रायपॉडला बांधा. मी भिगवणला एकदा बोटीतून वाकलो आणि पकडीतून फोन सुटला तो दोरीवर लोंबकळत राहिला, खाली उजनीचं पाणी, तेव्हापासून दोरीशिवाय फोन लावत नाही.

हातात धरून अडॅप्टर वापरू नका, 10 पट म्हणजे हाताची थरथर पण 10 पट. बायनॉक्युलरच्या मधल्या बिजागरीच्या पुढच्या टोकाला एक छोटं गोल झाकण असतं, कधी त्यावर कंपनीचं चिन्ह असतं, ते फिरवलं की निघतं, आत आटे असतात. तिथे एल आकाराची पट्टी लागते आणि ती पट्टी साध्या कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर बसते. बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं हे झाकण माहीत नसतं.

10×50 चा झोत 5 एमएमचा, म्हणजे दुर्बिणीच्या दुप्पट, त्यामुळे फोन बसवायला बायनॉक्युलर खरं तर सोपा. चंद्र छोटा येईल पण स्वच्छ येईल. दिवसा याच्यावर सराव करा, समोरच्या झाडावरचा वेडा राघू किंवा तारेवरचा कोतवाल घ्या, उडाले तरी बऱ्याचदा परत त्याच जागी येऊन बसतात.

आणि एक सांगतो, यानं नुसते छान फोटो येतात असं नाही. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत किनाऱ्यावर ट्रायपॉड लावून पट्टकादंबांचा (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या हंसासारख्या पक्ष्यांचा) थवा बघत होतो, एकाच्या गळ्यात पट्टी दिसली. डोळ्यानं नंबर वाचता येईना, तो मान खाली घालून चरत होता आणि मान वर करायचा ती सेकंदभर. फोन लावला, व्हिडिओ चालू ठेवला, सात मिनिटं. घरी येऊन एकेक फ्रेम बघितली तेव्हा एका फ्रेममधे पट्टीवरची अक्षरं स्पष्ट. मंगोलियात हे पक्षी पकडून अशा पट्ट्या घालून सोडतात, तिथून हिमालय ओलांडून तो उजनीवर आलेला. त्या एका फ्रेमसाठी मी माझं अडॅप्टर जपून ठेवलंय. म्हणून ताई, फोटोपेक्षा व्हिडिओ घ्या, चंद्राचा पण.

वांगणी_लोकल:
पाणथळ म्हणतात ते चंद्राला आणि ग्रहांना शंभर टक्के लागू. हवा सतत हलत असते, पाण्याच्या तळाशी पडलेलं नाणं बघावं तसं दिसतं, मधेच क्षणभर पाणी शांत होतं आणि नाण्यावरचं वर्ष वाचता येतं. एका मिनिटाच्या व्हिडिओत असे क्षण शेकडो फ्रेममधे मिळतात. ऑटोस्टॅकर्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे कॉम्प्युटरवर चालणारं, ते चांगल्या फ्रेम निवडतं आणि एकावर एक रचतं. माझा गुरूचा पहिला पट्टे दिसणारा फोटो असाच आला. गुरू चंद्राच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढा दिसतो हो, एकट्या फोटोत पांढरा ठिपका, रचला की पट्टे. त्याचे चार चंद्र हवे असतील तर उलट, उजेड वाढवायचा, गुरू पांढरा झाला तरी चालेल. दोन्ही एका फोटोत आणायला जाऊ नका.

झेडपी_गुरुजी:
मी अकोले तालुक्यात शाळेवर आहे. अडॅप्टर विकत घ्यायचे पैसे नसतील तर हेही वाचा, इतर कोणाला उपयोग होईल.

आमच्याकडे एका माजी विद्यार्थ्यानं दिलेली छोटी दुर्बीण आहे. रात्री गावात आकाशदर्शन ठेवलं की मुलं, मुलांच्या आया, म्हातारे, शंभर सव्वाशे माणूस. एकेकानं डोळा लावायचा, त्यात लहान पोरं नळीला धरतात, चंद्र जातो, परत शोधा. शेवटच्या पोराचा नंबर येईपर्यंत ते आईच्या मांडीवर झोपलेलं. म्हणून मी स्वतः बनवलं. आयपीसच्या बाहेरच्या मापाचा पीव्हीसीचा कपलर हार्डवेअरच्या दुकानातून, आयपीस खिशात घालूनच गेलो होतो दुकानात, आत सुताराकडच्या फेविकॉलनं फोमची पट्टी लावली म्हणजे घट्ट पण ओरखडा न पडता बसतो. मोबाईलचं एक जुनं कडक प्लास्टिकचं कव्हर, त्याला भिंगाच्या जागी आधीच भोक असतं, त्यावर कपलर मधोमध ठेवून आधी सेलोटेपनं चिकटवला, वांगणी लोकल यांनी सांगितलं तसंच ट्यूबलाईटकडे धरून चकती मधे आणली, आणि मग एम-सील फिरवून घेतलं. रात्रभर वाळू दिलं. फोन बदलला की कव्हर बदलायचं एवढंच. पण एकदा बसलं की सरकत नाही, विकतच्या चिमट्यापेक्षा घट्ट.

आता स्क्रीनवर दहा पोरं एकदम बघतात. "गुरुजी तो खड्डा कसला" म्हणून बोट दाखवता येतं, नळीत डोळा लावलेल्या पोराला ते सांगता येत नव्हतं. नंतर मुख्याध्यापकांनी शाळेच्या टीव्हीला फोन जोडून दिला, पटांगणात टीव्ही, अख्ख्या गावानं एकदम चंद्र बघितला.

कराडताई, तुमच्या आजीला पण असंच करता येईल. घरातला टीव्ही वायफायवाला असेल आणि वायफाय गच्चीपर्यंत पोचत असेल तर फोनची स्क्रीन टीव्हीवर टाका. आजी खाली खुर्चीत, तुम्ही वर. स्लॅबमुळे सिग्नल तुटला तर राऊटर जिन्यात आणून ठेवा.

सोलापुरी_चादर:
मस्त धागा. याच अडॅप्टरनं सूर्याचे डाग पण काढता येतील का? माझ्या दुर्बिणीबरोबर आयपीसला लावायचा एक काळा सूर्य फिल्टर आलाय.

वांगणी_लोकल:
तो फिल्टर आज, आत्ता मोडून फेकून द्या. ठेवून पण देऊ नका, घरात कोणीतरी कधीतरी लावेल. आयपीसला लावायचा फिल्टर म्हणजे दुर्बिणीनं गोळा करून एकवटलेलं ऊन त्या नखाएवढ्या काचेवर पडतं, ती तापून तडकते आणि मागे डोळा असतो. डोळा गेला की गेला, दुखत पण नाही त्या वेळी. सूर्याचा फिल्टर फक्त आणि फक्त पुढच्या मोठ्या भिंगावर लागतो, खास सूर्यासाठीचीच फिल्म, एक लाखातला एकच भाग प्रकाश आत सोडणारी, आणि ती वाऱ्यानं उडणार नाही अशी चिकटवलेली. ग्रहणाचे कागदी चष्मे आयपीसवर धरणं, एक्सरेची फिल्म, वेल्डिंगची कुठलीतरी काच, काही चालत नाही. फोन लावलाय डोळा नाही म्हणून चालेल असंही नाही, फोनचा सेन्सर जळतो, आणि चंद्र शोधतो तसं सूर्य शोधताना माणूस सवयीनं डोळा लावतोच. शोधक दुर्बिणीवर (मोठ्या नळीवर बसवलेल्या छोट्या नळीवर) पण झाकण लावून ठेवा.

सोलापुरी_चादर:
बापरे. फेकला. हातोडीनं फोडून फेकला.

वांगणी_लोकल:
फार बरं केलंत.

कराडताई, संकष्टीबद्दल थोडं, कारण तो दिवस फोटोसाठी सोपा नाही. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे संकष्टीला नऊच्या आसपास उगवतो आणि सुरुवातीला अगदी क्षितिजावर असतो, तिथे हवेचा थर जाड, चंद्र पिवळट आणि उकळत्या पाण्यातून बघितल्यासारखा हलतो. त्यात गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, त्याची वाफ वेगळी. उगवताना आजींना दाखवा, उपास सोडू दे, पण खड्ड्यांचा चांगला व्हिडिओ दोन तासांनी घ्या, चंद्र वर आल्यावर. दुर्बीण पण तासभर आधी बाहेर काढून ठेवा, थंड व्हायला.

उगवता संकष्टीचा चंद्र नीट बघा, वरच्या कडेला किंचित खाल्लेला असतो. त्या कडेला मेअर क्रिसियम नावाचं काळं लंबगोल मैदान आहे, तिथे त्या वेळी सूर्य मावळत असतो, सावल्या लांब पडतात, म्हणून 10 चा आयपीस तिथे लावा. बाकी चंद्रावर ऊन डोक्यावर असतं, सावल्याच नसतात, खड्डे सपाट दिसतात. खड्डेच बघायचे तर शुक्ल अष्टमीसारखा दिवस नाही.

चांद्रयान 3 ची जागा 69 अंश दक्षिणेला, मॅन्झिनस विवराजवळ, चंद्राच्या दक्षिण कडेच्या अगदी आत. यान पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही पण तो भाग तुमच्या 70 एमएममधून छान दिसतो. टायको सापडला (किरणं फुटलेलं पांढरं विवर) की तिथून दक्षिण कडेकडे जात जरा पूर्वेला, क्रिसियमच्या बाजूला सरका. आजींना बोट ठेवून दाखवा.

कराडची_लेक:
मंडळी, काल संकष्टी झाली. सगळं लिहितेच.

टीव्हीची युक्ती गुरुजींची. राऊटर जिन्यात ठेवला, एक्स्टेंशनची वायर स्वयंपाकघरातून ओढली, आई ओरडली पण ठेवू दिली. फोनला दोरी बांधली पाणथळ दादा. दुर्बीण आठलाच वर काढून ठेवली होती. चंद्र बिल्डिंगच्या वर यायला साडेनऊ झाले आणि खरंच, वरून खाल्लेला. इतकी वर्षं बघतेय, कधी लक्षातच आलं नव्हतं.

25 चा आयपीस, आयएसओ 50, 1/500 ला आला, अजून पिवळा होता. खालून बाबांचा आवाज आला, "आला आला". धाकट्या चुलत भावाला वर दुर्बिणीपाशी बसवून मी खाली पळत गेले. आजी खुर्ची पुढे ओढून बसलेली, मांडीवर नैवेद्याचं ताट, टीव्हीवर चंद्र. थरथरत होता, कडा हलत होत्या, पण डाग सगळे दिसत होते. ती पहिल्यांदा काही बोललीच नाही. मग चंद्र हळूहळू एका बाजूला सरकायला लागला, तुम्हाला माहितीच आहे पृथ्वी फिरते त्यामुळे, आणि ती म्हणाली "अगं हा चालतोय की". फोटोत तो चालला नसता. निम्मा बाहेर गेला की भाऊ वरून परत मधे आणायचा आणि आजी परत बघत बसायची. तिनं टीव्हीलाच हात जोडले, नैवेद्य दाखवला आणि मग जेवली.

साडेअकराला मी 10 चा आयपीस लावून क्रिसियमच्या कडेचा व्हिडिओ घेतला, मिनिटभराचा, तो आज सकाळी दाखवला. चांद्रयानाची जागा पण दाखवली, तिनं स्क्रीनवर बोट ठेवून ठेवलं तिथे बराच वेळ.

पण एक प्रश्न आलाय आणि तो आजीचा आहे. ती म्हणते "चंद्र तुझा आहे खरा पण ससा उलटा बसलाय". मी म्हटलं असं कसं, मग रात्री जागून गच्चीवर साध्या डोळ्यानं बघितलं आणि टीव्हीवरचा व्हिडिओ बघितला, तर खरंच उजवं डावं उलट आहे. फोन फिरवून बघितला तरी जमत नाही. हे कशामुळे?

वांगणी_लोकल:
आजींची नजर 84 व्या वर्षी अशी, माझा नमस्कार सांगा त्यांना.

त्या अगदी बरोबर आहेत. तुमच्या दुर्बिणीच्या मागे तो काटकोनातला तुकडा आहे ना, ज्यात आयपीस वरून घालता, त्यात आरसा असतो. आरशात वर खाली सरळ येतं पण डावं उजवं बदलतं, म्हणून फोन कसाही फिरवला तरी ससा उलटाच. काढलेल्या फोटोला आणि व्हिडिओला सोपं, एडिटमधे जाऊन आडवं पलटवा, झालं.

थेट टीव्हीवर सरळ हवा असेल तर तो काटकोनी तुकडा काढून आयपीस सरळ नळीत लावा. मग चित्र फक्त डोक्यावर उभं राहतं, डावं उजवं बिघडत नाही, फोन उलटा लावला की ससा जागेवर. उगवता चंद्र खालीच असतो त्यामुळे मागून सरळ लावायला अडचण पण येणार नाही. तुकडा काढल्यामुळे बरंच अंतर कमी पडतं, म्हणून फोकसची नळी बरीच बाहेर काढावी लागेल, तरी फोकस येईना तर आयपीस पण थोडा बाहेर ओढून स्क्रू आवळा. मात्र फोन आता मागे लोंबणार, नळीचं मागचं टोक खाली बसेल, पुढच्या टोकाला वाळूची छोटी पुरचुंडी बांधा.

पाणथळ:
किंवा बायनॉक्युलर. त्यात आत प्रिझम असतात, सगळं जसं आहे तसंच दिसतं. चंद्र छोटा येईल पण ससा सरळ.

कराडची_लेक:
पुढच्या संकष्टीला दोन्ही लावते, उगवताना बायनॉक्युलर आणि नंतर दुर्बीण सरळ नळीनं. वाळू आजच आणली, समोर बांधकाम चालूच आहे. आजीनं पुरचुंडी शिवायला घेतलीये, तिच्या जुन्या लुगड्याच्या काठाची.